आधी मोंढ्यात विचार

नांदेड



शेतकऱ्यांच्या मोबाइल अ‍ॅपवरचे इंग्रजी शब्द मराठीत आणायचं काम तुला लातुरात मिळालं, याचा मामाला फार आनंद झाला. तू पाठवलेली यादी त्याने दोनदा वाचली. मेहनत ओळीओळीत दिसते. पण शब्द कोशातून आलेत, मोंढ्याच्या बाजारातून नाहीत. 'इन्व्हॉइस'ला तू 'बीजक' लिहिलंस. आडतीवर सोयाबीन घातलेला शेतकरी 'पट्टी' मागतो आणि तिच्यात आडत, हमाली, तोलाई किती कापली ते बघतो. 'मॉइश्चर'ला तू 'आर्द्रता' लिहिलंस. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत तिची मर्यादा एरवी 12 टक्के, 2024 च्या नोव्हेंबरात ती त्या हंगामापुरती 15 केली. या आकड्यावर माल परत जातो किंवा विकला जातो, म्हणून हा शब्द शेतकऱ्याच्या ओळखीचाच हवा. तो 'मॉइश्चर' म्हणत असेल तर 'मॉइश्चर' लिही, 'ओल' म्हणत असेल तर 'ओल' लिही. इंग्रजी शब्द तसाच ठेवला तर मराठी हरली, असं समजू नकोस. तिकीट, बाटली, पलटण हे शब्द इंग्रजीतून आले, पगार आणि चावी पोर्तुगीजांकडून. आज त्यांना कुणी परकं म्हणत नाही.

परक्या शब्दांना प्रतिशब्द शोधायचा हा खटाटोप आपल्याकडे जुना आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात सुमारे चौदाशे फारसी-दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याचा 'पंतप्रधान' झाला, मुजुमदाराचा 'अमात्य', सुरनिसाचा 'सचिव'. तरी पुढच्या शतकात सगळा मुलूख 'पेशवे'च म्हणत राहिला. सचिव मात्र मंत्रालयात आजही बसतो. राजाज्ञा असूनही कुठला शब्द टिकेल हे बोलणाऱ्यांनीच ठरवलं.

आपल्या मराठवाड्याने तर दुसरी बाजूही भोगली आहे. आपण निजामाच्या राज्यात होतो तेव्हा, 1918 साली, हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं. वरचं शिक्षण उर्दूतून द्यायचं ठरलं आणि त्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं काढून विज्ञानाच्या, कायद्याच्या संज्ञा विद्वानांनी घडवल्या. काम मोठ्या तोलाचं होतं. पण नांदेडच्या खेड्यातून आलेल्या मराठी पोराला इंग्रजी जितकी परकी, तितकीच ती अरबी-फारसी परिभाषा. आपल्या यादीतला एखादा संस्कृत शब्द लातूरच्या शेतकऱ्याशी तसाच वागत नाही ना, हे तपासत जा.

जमिनीच्या कागदांकडे बघ. सातबारा हे नाव कुणी विचार करून ठेवलेलं नाही. गाव नमुना 7 आणि 12 एकत्र आले, त्यांच्या आकड्यांचं नाव झालं. 'फेरफार' हा शब्द तर निरक्षर म्हातारीलाही कळतो, कारण तिची जमीन त्यावर अवलंबून असते. 2021 मध्ये पिकाची नोंद शेतकऱ्यानेच फोनवरून करायची सोय आली. तिचं नाव 'ई-पीक पाहणी'. पहाणी पत्रकातला जुना शब्द पुढे एक 'ई' लावून पुन्हा कामाला आला. नवी वस्तू आली म्हणून नवा शब्द लागतोच असं नाही.

लागतो तेव्हा मात्र घडवायला भिऊ नकोस. 'ठिबक' हा शब्द घडवलेलाच आहे, पण पाणी कसं पडतं ते त्यात ऐकू येतं. 'पुनर्वसन' तर अस्सल कचेरीतला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, गावंच्या गावं नव्या जागी वसवावी लागली आणि तो शब्द त्या भागात घरोघरी गेला.

शब्द घडवायच्या या खटपटीत नॉर्वेचे लोकही गुंतलेले असतात. त्यांनी संगणकाला 'दातामाशीन' म्हटलं, टॅब्लेटला 'नेटब्रेट', आणि ते रुळलं. खारवलेल्या डुकराच्या मांसाचं इंग्रजी नाव नॉर्वेजियन उच्चाराप्रमाणे लिहायचा प्रयत्न मात्र लोकांनी स्वीकारला नाही.

आता यादीतलं सर्वांत महत्त्वाचं पान, फवारणीचं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. म्हणून इथे तरी भाषेची हौस बाजूला ठेव. 'अँटिडोट'ला तू 'प्रतिविष' लिहिलंस. त्याजागी 'उतारा' लिही, साप-विंचवाच्या विषावर माणसं तोच शब्द वापरतात. 'प्री-हार्वेस्ट इंटरव्हल'ला 'काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी' करू नकोस. सरळ लिही: 'शेवटच्या फवारणीनंतर इतके दिवस पीक काढू नका.' एका शब्दाला अख्खं वाक्य लागलं तर लागू दे. डब्यावरच्या त्रिकोणाच्या रंगाचा अर्थही तिथेच सांग, लाल म्हणजे सर्वांत जहाल.

असं सोपं लिहायचा नमुना आपल्या गावातच आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर मराठी शिकवत. मनुस्मृतीसारखे अवघड विषय त्यांनी इतक्या सोप्या वाक्यांत मांडले की पदवी नसलेला वाचकही मागे राहत नसे. त्यांचं 'जागर' मिळवून वाच, वाक्याची ठेवण शिकायला उपयोगी पडेल.

फवारणीचं पान आधी दुरुस्त कर. कागदावर छापून घे आणि ज्यांनी पाठीवर पंप बांधून फवारलंय अशा दोघा-तिघांना मोंढ्यात वाचून दाखव. मग 'तुम्ही आता काय कराल?' एवढंच विचार. त्यांनी चुकीचं सांगितलं तर ते वाक्य खोडून नवं लिही आणि ते इकडे पाठव.

तुझा मामा