आतली डिस्क आधी काढून ठेवा

जुन्या लॅपटॉपवर बाहेरच्या ड्राइव्हमधून दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची असेल, तर आधी स्क्रू ड्रायव्हर शोधा, डाउनलोडचं नंतर बघू. ड्राइव्ह बाहेरचा आहे म्हणजे आतल्या डिस्कच्या केसालाही धक्का लागणार नाही, असं आपण धरून चालतो. तिथेच गाडी अडते.

भाऊजींच्या दुकानातला लॅपटॉप २०११ सालचा. त्यातलं विंडोज १० आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं राहायला हवं होतं, कारण सगळी जुनी बिलं त्यातच. पण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, प्रोसेसरही बराच अलीकडचा लागतो; या मशीनकडे दोन्ही नाही. तेव्हा वाटणी अशी ठरली: हिशेब आतल्या विंडोजवर, नेट न जोडता, बँक, ई-मेल आणि जीएसटी पोर्टल बाहेरच्या एसएसडीवरच्या लिनक्समधून.

लिनक्स छान बसलं, दुकानात रुळलंही. मग एक दिवस भाचा तो एसएसडी कॉलेजात घेऊन गेला आणि भाऊजींचा फोन आला. ‘अरे, नुसती काळी स्क्रीन येतेय. ग्रब रेस्क्यू की काय लिहिलंय, पुढे ढिम्म हलत नाही. सगळा डेटा गेला का रे?’

डेटा जागच्या जागी होता. झालं होतं ते असं. बायोसवर चालणारा जुना लॅपटॉप सुरू होताना डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे एमबीआर, वाचतो. लिनक्स कुठे टाकायचं आणि त्याचा बूटलोडर ‘ग्रब’ कुठे टाकायचा, या दोन गोष्टी इन्स्टॉलर वेगवेगळ्या धरतो. बूटलोडरच्या चौकटीत बहुधा पहिली डिस्क, म्हणजे आतलीच, आधीपासून निवडलेली असते. त्यामुळे लिनक्स बाहेर गेलं, पण ग्रबचा पहिला तुकडा आतल्या एमबीआरमध्ये बसला. उरलेला ग्रब एसएसडीवर. घर भाऊजींचं आणि किल्ली भाच्याच्या सॅकमध्ये! विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून रिपेअरमध्ये जाऊन, कमांड प्रॉम्प्टवर ‘बूटरेक’ चालवून एमबीआर पुन्हा लिहिला, तेव्हा विंडोज सुरू झालं.

यूईएफआय असलेल्या लॅपटॉपवरही हा घोळ होतो. काही इन्स्टॉलर तुम्ही बाहेरचा ड्राइव्ह निवडलात तरी बूटलोडर समोर दिसलेल्या पहिल्या ईएफआय पार्टिशनमध्ये टाकतात, आणि ते बहुतेकदा आतल्या डिस्कवरचं असतं. तिथे निदान बूट मेनूतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडून सुटका होते.

म्हणून माझा आग्रह असा. आधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या. मग लॅपटॉप बंद करून चार्जर आणि बॅटरी काढा. बऱ्याच जुन्या मॉडेलांत मागचं छोटं झाकण उघडलं की अडीच इंची डिस्क दिसते. ती सरकवून बाहेर घ्या आणि मगच इन्स्टॉल करा. जी डिस्क जोडलेलीच नाही, तिच्यावर कोणी काही लिहू शकत नाही. डिस्क काढण्याजोगी नसेल तर बायोसमध्ये ती बंद करता येते का पाहा. तेही जमत नसेल तर बूटलोडरची चौकट स्वतः बदला. मात्र ‘एसडीए’, ‘एसडीबी’ या नावांवर विसंबू नका, ती बदलू शकतात. कंपनीचं नाव आणि आकार पाहून डिस्क ओळखा.

या पद्धतीचा एक साइड इफेक्ट आहे. इन्स्टॉलरला विंडोज दिसलंच नाही, तर लिनक्स मशीनचं घड्याळ यूटीसीवर ठेवतं. विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचतं आणि बिलावर साडेपाच तास मागची वेळ छापली जाते. मशीनचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्याची सूचना लिनक्सला एकदा दिली की झालं.

विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्याच्या पार्टिशनवर लिहिणं धोक्याचं ठरतं. बिटलॉकर चालू असेल तर बूटची सेटिंग्ज बदलण्याआधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या.

ड्राइव्ह म्हणून पेनड्राइव्ह नको. बारीकसारीक फाइली सतत लिहिताना तो धापा टाकतो. साधा साटा एसएसडी आणि यूएसबी केस पुरे. पोर्ट मात्र पाहून घ्या. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबीच्या वर वेग मिळत नाही, यूएसबी ३.० असेल तर त्याच्या कितीतरी पट. हे पोर्ट पुष्कळदा आतून निळं असतं.

बाहेरच्या ड्राइव्हवर विंडोजच टाकू म्हणाल, तर त्याचा नेहमीचा इन्स्टॉलर यूएसबीवरच्या डिस्कला सरळ नकार देतो. ‘विंडोज टू गो’ ही त्यासाठीची अधिकृत सोय २०२० मध्ये विंडोज १० मधून काढून टाकली गेली.

काम झालं की लॅपटॉप मालकाच्या हाती देण्याआधी दोन्ही बाजूंनी तपासा. ड्राइव्ह लावून लिनक्स सुरू करा. मग बंद करून, ड्राइव्ह काढून, विंडोज सुरू करा. दुसरी तपासणी बहुतेक जण टाळतात, आणि फोन ती टाळल्यामुळेच येतो.

आणि आतल्या डिस्कवर जपण्यासारखं काहीच नसेल, तर हा सगळा खटाटोप करूच नका. तोच एसएसडी आत बसवा. जुन्या लॅपटॉपचं साटा कनेक्शनही यूएसबी २.० पेक्षा कैक पटीने वेगवान असतं, आणि आतला एसएसडी कोणी कॉलेजात नेत नाही.