गुडघ्यासाठी घोट्याकडून उसनवारी

प्रश्न : कबड्डी खेळताना मुलाच्या गुडघ्यातला एसीएल तुटला. डॉक्टर म्हणतात, घोट्याजवळची शीर काढून तिथे बसवू. एक सांधा दुरुस्त करायला दुसरा अधू करायचा का? पुढे त्याचा तोल जाणार नाही?

उत्तर : शंका रास्त आहे. चढाईपटूला घोटा किती लागतो, हे अँकल होल्डमध्ये सापडलेल्यालाच विचारावे!

आधी एक भीती काढून टाकू. काढतात ती रक्तवाहिनी नव्हे आणि मज्जातंतूही नव्हे. ती कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा. एसीएल म्हणजे गुडघ्यातली हाडे एकमेकांना बांधणारा पट्टा (लिगामेंट). तुटलेला एसीएल नुसता शिवून बहुधा टिकत नाही, म्हणून त्याच्या जागी अशी कंडरा ओवतात. ती बहुतेक वेळा मांडीमागून (हॅमस्ट्रिंग) किंवा गुडघ्याच्या वाटीखालून घेतात. तुमच्या डॉक्टरांनी निवडलेली कंडरा ‘पेरोनियस लाँगस’ या स्नायूची. ती बाहेरच्या घोट्यामागून उतरते, तळव्याखालून आडवी जाते आणि अंगठ्याच्या मुळाशी रोवलेली असते. पाऊल बाहेरच्या बाजूला वळवणे, अंगठ्याचे मूळ जमिनीवर दाबणे आणि तळव्याची कमान सावरणे ही तिची कामे.

मग ती गेल्यावर घोटा लुळा का पडत नाही? कारण तिथे ‘पेरोनियस ब्रेव्हिस’ हा दुसरा स्नायू आहे. थोरला शहरात गेला तरी धाकटा शेती बघतो, तसे पाऊल बाहेर वळवण्याचे काम तो बऱ्यापैकी सांभाळतो. लाँगसचे उरलेले टोक अनेक सर्जन त्यालाच शिवून टाकतात. शिवाय घोटा मुख्यतः हाडांच्या खोबणीवर आणि स्वतःच्या लिगामेंटवर उभा असतो, आणि त्यांना कोणी हात लावत नाही. बहुतेक पाहण्यांत अशा रुग्णांचा घोटा रोजच्या वापरात जवळजवळ पूर्ववत आढळला आहे. काहींत मात्र पाऊल वळवण्याची किंवा अंगठा दाबण्याची ताकद मोजल्यावर थोडी कमी भरली. म्हणजे ‘काहीच फरक पडत नाही’ हेही खरे नाही.

पण फुकट कुठलीच कंडरा मिळत नाही. वाटीखालची काढली तर गुडघे टेकून बसताना दुखू शकते. हॅमस्ट्रिंग काढली तर गुडघा मुडपण्याची ताकद घटते. आणि नडगीचे हाड पुढे सरकू न देण्यात एसीएलला मदत करतो तो हाच स्नायू. शिवाय काहींची हॅमस्ट्रिंग बारीक निघते. ८ मिलिमीटरपेक्षा बारीक कंडरा, विशेषतः तरुण खेळाडूत, पुन्हा तुटण्याचा धोका अधिक. घोट्याकडे वळण्याचे एक कारण हे.

आता तोल. खरी गोम घोट्यात नाही, गुडघ्यातच आहे. एसीएल हा नुसता दोर नव्हे. सांधा कोणत्या कोनात आहे याची खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोके त्यात असतात. तो तुटला की ती खबर तुटते. नव्या कंडरेत सुरुवातीला अशी टोके नसतातच. त्यामुळे कंडरा कुठलीही बसवा, एका पायावर उभे राहताना काही महिने डगमग होणारच. कधीकधी धडधाकट पायावरसुद्धा. त्यावर उपाय फिजिओथेरपीचा : आधी डोळे उघडे ठेवून एका पायावर उभे राहायचे, मग डोळे मिटून, मग मऊ गादीवर. घोट्याची ताकद वाढवणारे व्यायामही त्याच्या जोडीने. बहुतेक पोरांना याचाच कंटाळा येतो.

मुलाचा तोच घोटा पूर्वी वारंवार मुरगळला असेल किंवा तळवे सपाट असतील, तर सर्जनना आत्ताच सांगा. त्यांची निवड कदाचित बदलेल. उरलेले टोक ब्रेव्हिसला शिवणार का, हेही विचारा. आणि मुलाला बजावा, ९ महिन्यांच्या आत मैदानात उतरायचे नाही, मग संघ कितीही अडलेला असो.