गार पायांचा तापदायक शोध

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात राखाडी लोकरीचा एक मोजा जपून ठेवलेला आहे. त्याच्या तळाशी, चवड्याच्या जागी, रुपयाएवढा एक तपकिरी डाग आहे. आणि घरी येणाऱ्या हौशी कारागिराला, विशेषतः ज्याच्या खिशात एखाद्या नव्या युक्तीचा कागद घडी करून ठेवलेला असतो त्याला, मी तो डाग आधी दाखवतो व चहा मागाहून देतो.

विजेच्या खात्यातील तीस वर्षांच्या चाकरीनंतर मी निफाड तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घरी राहावयास गेलो, त्या वर्षी थंडीने कहर केला होता. द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार पहाटे बागांतून शेकोट्या पेटवीत, आणि त्या धुराचा पट्टा गावावर उन्हे येईपर्यंत लोंबकळत राही. घरात माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या. तिची तक्रार एकच: “अरे, पाय बर्फ झालेत माझे. लाकडासारखे वाटतात. तू एवढा विजेतला माणूस, काहीतरी कर की!” निवृत्त माणसाच्या अहंकाराला याहून गोड आवाहन कोणते असणार? त्याच रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आत्याच्या पायांना मात्र हात लावून पाहिला नाही. पुढील सर्व अनर्थाचे मूळ या एका आळसात आहे, हे मी प्रारंभीच कबूल करून टाकतो.

योजना साधी होती. लोकरी मोज्याच्या तळाशी नायक्रोमची बारीक तार नागमोडी शिवावयाची, घोट्याशी कापडी पट्ट्यात लिथियमचे दोन सेल ठेवावयाचे, आणि त्यांच्या ७.४ व्होल्टच्या दाबाने ११ ओहमच्या तारेतून सुमारे ५ वॅट ऊष्मा निर्माण करावयाचा. नायक्रोमची तार चालताना चवड्याखाली वाकून वाकून चौथ्या दिवशी तुटली, म्हणून तिच्या जागी कार्बनच्या धाग्यांची दोरी आली. डाखाचे जोड घामाने गंजले, म्हणून ते दाबजोड केले. तापमान ४२ अंशांच्या वर गेल्यास प्रवाह खंडित करणारा एक थर्मिस्टरही बसविला. पण तारांची गुंतागुंत टाळावी या सोयीस्कर विचाराने त्याला जागा दिली ती घोट्याशी, सेलांच्या शेजारी. सेल मी हट्टाने मोठे घेतले. एकदा भरले की मोजा जवळजवळ चार तास तापत राही, आणि या चार तासांचा मला केवढा अभिमान! हे यंत्र मी आरामखुर्चीत बसून, पाय मोकळे सोडून तपासले. चवड्यापाशी ३८ अंश भरले. मी वहीत ‘समाधानकारक’ असा शेरा मारला आणि मोजे आत्याच्या स्वाधीन केले.

पाचव्या रात्री ती ते काढावयास विसरली. वर गोधडी, गोधडीवर रजई, आणि पाय पोटाशी घेऊन निजण्याची जुनी सवय. सकाळी हाक आली तीही शांत होती: “मोजा निघेना रे, चिकटलाय.” कोमट पाणी सोडून सोडून मोजा सुटला तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी फुटलेला फोड होता, आणि त्याच्या कडा पांढुरक्या पडल्या होत्या. मी घामाघूम झालो, ती मात्र म्हणाली, “ऊब छान होती हो रात्रभर.”

तालुक्याच्या डॉक्टरांनी जखम धुऊन बांधली, आणि मग एका काडीला लावलेला नायलॉनचा जाडसर धागा काढला. हा धागा १० ग्रॅमच्या दाबाने वाकतो, एवढीच त्याची विद्या. आत्याला छताकडे पाहावयास सांगून ते तळव्यावर जागोजागी तो टेकवीत, वाकेपर्यंत दाबीत, आणि “लागलं की सांगा, आजी” म्हणत. दहा ठिकाणी टेकविला. आत्या दोनदा “लागलं” म्हणाली, त्यांपैकी एकदा धागा हवेत होता. मग डॉक्टरांनी माझा हात धरून तिच्या दुसऱ्या पायावर ठेवला. तो पाय गार नव्हता. चांगला कोमट होता.

आत्याला अठरा वर्षांचा मधुमेह. तो मला ठाऊक होता. तो पायांच्या मज्जातंतूंना हळूहळू निकामी करतो, आणि अशा तंतूंकडून येणारी चुकीची वर्दी मेंदूला ‘गारठा’ म्हणून पोहोचू शकते, हे ठाऊक नव्हते. म्हणजे ज्या पायाला थंडीची खोटी कैफियत करता येत होती, त्याच पायाला भाजल्याची खरी फिर्याद करता येत नव्हती. आणि मी तर त्या पायाला विस्तव बांधून दिला होता. घरात मधुमेहाचा जुना रुग्ण असेल तर त्याच्या पायांशी गरम पाण्याची पिशवी, विजेची गादी, शेगडी यांपैकी काहीही नेऊ नये. पाय धुण्याचे पाणी आधी कोपराने पाहावे. आणि तळवे रोज उजेडात तपासावेत. पाय खरोखरच गार लागत असतील तरीही वैद्यकीय तपासणी आधी आणि मोजे मागाहून, कारण रक्तक्षय, थायरॉइडचे मांद्य, विडी-तंबाखूने अरुंद झालेल्या धमन्या, अशी अनेक कारणे त्या गारठ्यामागे दडून बसलेली असतात.

जखम भरून येईपर्यंत अकरा आठवडे गेले, आणि तेवढ्या अवधीत मी जो अभ्यास आधी करावयास हवा होता तो केला. भाजण्यासाठी उकळते पाणी लागते ही आपली समजूत चुकीची आहे. मोरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकेतील संशोधकांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ४४ अंश सेल्सियसचा स्पर्श सुमारे सहा तास राहिला तरी कातडी भाजते असे आढळले. आणि त्यापुढे ५१ अंशांपर्यंत प्रत्येक अंशागणिक भाजण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. ऊष्मा आणि काळ यांचा हा जमाखर्च आहे. नुसते ‘किती’ विचारून भागत नाही, ‘किती वेळ’ हेही विचारावे लागते. काश्मिरात फेरनच्या, म्हणजे सैल झग्याच्या, आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसण्याची जी रीत आहे, तिच्यामुळे पोटावर व मांड्यांवर जाळीदार डाग उठतात आणि वर्षानुवर्षांच्या शेकाने क्वचित् कर्करोगही होतो, हे तेथील डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकापासून नोंदवून ठेवले आहे. ती कांगडीही अंगाला सुखद वाटावी इतपतच ऊन असते.

मग मी तोच मोजा स्वतःच्या पायात चढवून, तीच रजई पांघरून, चवड्याखाली तापमापीची तार ठेवून निजलो. चाळीस मिनिटांत ४६ अंश झाले आणि मी मोजा ओरबाडून काढला. त्या वेळी घोट्याचा थर्मिस्टर ३६ अंशांची सुखवार्ता देत स्वस्थ बसला होता. पहारेकरी वेशीवर आणि आग माजघरात, असा तो बंदोबस्त! ५ वॅट मोकळ्या हवेत पसरून जातात. रजईखाली त्यांना वाट नसते, आणि अंगाच्या भाराने दबलेल्या कातडीतून रक्तही पुरेसे फिरत नाही, म्हणून ऊष्मा वाहून नेणारे कोणी उरत नाही. अंगावर बाळगावयाच्या कोणत्याही तापयंत्राची परीक्षा म्हणूनच त्याच्या सर्वांत गैरसोयीच्या अवस्थेत व्हावी: पांघरुणाखाली, दबलेल्या, घामेजलेल्या स्थितीत, आणि प्रथम स्वतःच्या अंगावर. तापमापक सर्वांत तप्त जागी असावा. तो फसल्यास प्रवाह तोडणारा निराळा थर्मल फ्यूज असावा. आणि वीस मिनिटांनी यंत्र आपोआप बंद होऊन माणसाने पुन्हा कळ दाबल्याखेरीज सुरूच होऊ नये, अशी तजवीज असावी. मोठे सेल हा गुण नव्हे.

पेटंटाची हकिकत लौकर आटोपतो, कारण तिच्यात माझ्या फजितीपलीकडे फारसे काही नाही. अपघातापूर्वी मी मुंबईच्या पेटंट कार्यालयात अर्ज दाखल करण्याच्या तयारीत होतो, आणि एका कारखानदाराने पाचशे जोड्यांची बोलणीही सुरू केली होती. दप्तरे चाळणाऱ्या जाणकाराने दोन दिवसांत माझ्यापुढे गठ्ठा टाकला: विजेने पाय तापविण्याची कल्पना माझ्या जन्माआधीची होती, पहिल्या महायुद्धातील वैमानिकसुद्धा विजेने तापणारे पोशाख वापरून चुकले होते. ज्ञात वस्तू आपापले जुनेच काम करीत असताना त्यांची नुसती जुळवाजुळव केली तर तो शोध ठरत नाही, असे १९७० च्या कायद्याचे तिसरे कलम सांगते. तेव्हा नवकल्पकांनी डाख तापविण्यापूर्वी ही दप्तरे चाळावीत. आणि काही खरेच नवे हाती असेल तर ते चारचौघांत मिरविण्याआधी तात्पुरता मसुदा दाखल करावा, कारण त्यानंतर पूर्ण मसुद्यासाठी बारा महिन्यांची मुदत मिळते, पण आधी जाहीर केलेल्या गोष्टीचे नावीन्य सहसा परत मिळत नाही. कारखानदाराला मी नकार कळविला. पाचशे जोड्या म्हणजे हजार तळवे.

आणि ज्यांचे पाय खरोखर गार पडतात, पण संवेदना शाबूत आहे, त्यांनी प्रथम कानटोपी घालावी व अंगात बंडी चढवावी. तळव्यांत धमन्या आणि शिरा यांना थेट जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा असतात. धड गारठू लागले की शरीर त्या वाटा बंद करून ऊब पोटाशी राखते, आणि धड ऊबदार झाले की आपण होऊन उघडते. माझ्या स्वतःच्या पायांना हा उपाय अर्ध्या तासात लागू पडला, आणि त्याला सेल लागले नाहीत.

आत्याच्या पायांत आता शिवण नसलेले साधे मोजे असतात आणि रात्री निजण्यापूर्वी तिचे तळवे मी दिव्यापाशी नेऊन पाहतो. काल रात्रीही ती म्हणाली, “पाय बर्फ झालेत बघ.” मी हात लावला, ते नेहमीसारखेच कोमट होते.