ऊसबिल आले, पण कोणाच्या हाती?



बेणे, खत, पाणी आणि खोडवा व्यवस्थापन याविषयी आम्ही या पानातून आपणांशी नेहमीच बोलत आलो आहोत. या अंकात विषय थोडा निराळा आहे. उसाचे पीक वर्ष-दीड वर्ष जपायचे, तोडणीसाठी टोळीची वाट पाहायची, आणि शेवटी खात्यावर आलेली रक्कम एका मिनिटात नाहीशी व्हायची, असे प्रकार आता आपल्या भागातही घडू लागले आहेत. पीक वाचविणे हे जसे ऊसविकास विभागाचे काम, तसे पिकाचे पैसे वाचविण्याविषयी सांगणे हेही आमचेच काम आहे, असे आम्ही मानतो.

जठारपेठेतील हकीकत

गेल्या हंगामात जठारपेठेतील आमच्या संपर्क कार्यालयात एक वयस्कर सभासद आले. पहिली उचल जमा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मोबाईलवर निरोप आला होता. निरोपात त्यांचे नाव होते, बिलाची रक्कम होती, आणि 'उर्वरित फरक मिळण्यासाठी खालील ॲप घ्या' अशी सूचना होती. त्यांनी ते ॲप घेतले. संध्याकाळपर्यंत खाते रिकामे झाले.

आम्ही म्हणालो, "दादा, अनोळखी माणसाच्या निरोपावर विश्वास कसा ठेवला?"

ते म्हणाले, "साहेब, नाव माहं, रक्कमबी बराबर. मंग खोटं काऊन समजू?"

या प्रश्नापुढे आम्ही निरुत्तर झालो. कारण बिलाची यादी नाव, गाव, मोबाईल नंबर आणि रकमेसह गावच्या व्हॉट्सॲप गटावर आमच्याच विभागाकडून गेली होती. सभासदांना हेलपाटा पडू नये हा हेतू चांगला होता. पण एका गटावरची यादी दुसऱ्या गटावर जाते आणि तिथून कुठे जाते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. चूक आमची होती, ती आम्ही मान्य केली आणि अशा याद्या टाकणे त्या दिवसापासून बंद केले. सभासदाचे पैसे मात्र परत आले नाहीत. लाजेपोटी त्यांनी दोन दिवस घरातही कोणाला सांगितले नव्हते, आणि तोवर रक्कम खात्याखात्यांतून फिरून काढली गेली होती.

हे ॲप काय करते, ते समजून घ्यावे. बसवताना ते आपले एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. आपण 'होय' दाबले की बँकेकडून येणारा ओटीपी त्या चोराला आपोआप दिसू लागतो. आपण तोंडाने काही सांगितले नाही, तरी फोन सांगून मोकळा होतो.

वारणेचा धडा

मग मोबाईल आणि संगणक नकोतच का? तसे मुळीच नाही. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरात सुमारे ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. ऊसनोंद, तोडणी, वजन व बिल यांची माहिती शेतकऱ्याला गावातच संगणकावर मिळावी, हा त्याचा गाभा होता. कारखान्याच्या कचेरीत मारावी लागणारी खेप त्यामुळे वाचली.

पुढे असे दिसून आले की विजेचा लपंडाव आणि संगणकांच्या देखभालीचा खर्च डोईजड होतो आणि संगणकाचा वापर मुख्यतः ऊसाच्या माहितीपुरताच होतो. तेव्हा २००६ च्या सुमारास काही गावांत तीच माहिती साध्या मोबाईलवर एसएमएसने देण्याचा प्रयोग करण्यात आला. ते काम कमी खर्चात झाले. यातून घ्यायचा बोध असा की, यंत्र महागडे असण्यापेक्षा शेतकऱ्याच्या गरजेला पुरणारे असावे. आणि दुसरी गोष्ट, एसएमएस ज्याचा त्याला जातो. गावच्या गटावरची यादी सगळ्या गावाला जाते.

सहकारी बँकेवरील दरोडा

फसवणूक फक्त अडाणी माणसाची होते, हा समजही सोडून द्यावा. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ साली स्थापन झालेली, सहकारातील नामांकित बँक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, चोरांनी तिच्या एटीएम यंत्रणेत घातक प्रणाली घुसवून बनावट कार्डांच्या साहाय्याने काही तासांत जगातील २८ देशांतून पैसे काढले. कार्ड खरे की खोटे हे बँकेच्या मुख्य संगणकाला विचारले जाते. येथे तो प्रश्न मुख्य संगणकापर्यंत पोहोचलाच नाही. मध्येच बसविलेली खोटी यंत्रणा प्रत्येक मागणीला 'द्या' म्हणत राहिली. १३ ऑगस्टला आणखी रक्कम हाँगकाँगच्या एका खात्यात वळविण्यात आली. एकूण नुकसान सुमारे ९४ कोटी रुपयांचे. पुढे काही रक्कम परत मिळाली, आणि २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ आरोपींना शिक्षा सुनावली.

आपल्या वजनकाट्याशी याची तुलना करून पाहा. काट्यावर गाडी उभी आहे, पण पावती देणारा माणूसच कोणीतरी बदलून टाकला, तर वजन कितीही खरे असले तरी पावती खोटीच निघणार.

संगणकाची काणी

उसात काणीचा चाबूक दिसला की आपण काय करतो? काळी भुकटी उडू नये म्हणून तो पिशवीत धरून अलगद काढतो, बेट मुळासकट उपटून नष्ट करतो, आणि त्या शेतातले बेणे घेत नाही. शेजाऱ्यालाही सांगतो. संगणकाच्या रोगाचेही तसेच आहे. बिघडलेला संगणक किंवा मोबाईल आधी इंटरनेटपासून तोडावा, त्यातली फाईल दुसरीकडे नेऊ नये, आणि लपवून न ठेवता सर्वांना सावध करावे. ॲप हे बेण्यासारखेच खात्रीच्या ठिकाणचे घ्यावे. कोणीतरी धाडलेली फाईल म्हणजे अनोळखी फडातले बेणे होय.

सभासदांनी पाळावयाच्या गोष्टी

१) व्हॉट्सॲपवर आलेली 'एपीके' नावाची फाईल कधीही उघडू नये. तिला कारखान्याचे, बँकेचे किंवा पीएम-किसानचे नाव असले तरीही नाही.

२) पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन लागत नाही. तो पैसे देताना लागतो. 'पैसे जमा करतो, पिन टाका' असे कोणी म्हटले की तो चोर समजावा.

३) ऊसबिलाची शंका गट कार्यालयात येऊन किंवा आपल्या ओळखीच्या चिटबॉयला प्रत्यक्ष विचारून सोडवावी. निरोपातील नंबरावर फोन करू नये.

४) बिल ज्या खात्यात जमा होते, त्याच खात्याला मोबाईलचे सर्व व्यवहार जोडून ठेवू नयेत. रोजच्या खर्चापुरते वेगळे खाते ठेवावे.

५) फसवणूक झाल्यास लाजू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवावे आणि पोलिसांत तक्रार द्यावी. पहिल्या काही तासांत कळविले तर रक्कम पुढच्या खात्यात गोठविता येण्याची शक्यता असते. पाण्याची पाळी चुकली तर पीक जसे थांबत नाही, तसे चोरही थांबत नाही.

आणि आमचे काय?

सभासदांना उपदेश करताना आमची जबाबदारी आम्ही विसरत नाही. काट्यावरच्या संगणकाचा एकच पासवर्ड तीन पाळ्यांत सर्वांना माहीत असणे, जुनी प्रणाली वर्षानुवर्षे तशीच चालविणे, नोंदींची दुसरी प्रत वेगळी न ठेवणे, हे दोष अनेक संस्थांत असतात आणि आमच्याकडेही होते. आता प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र पासवर्ड देण्याचे व रोजच्या नोंदींची प्रत इंटरनेटपासून अलग ठेवण्याचे काम हाती घेतले आहे. सभासदाची माहिती ही त्याच्या शेअरसारखीच त्याची मालमत्ता आहे. ती आम्ही कशी सांभाळतो, हे वार्षिक सभेत अवश्य विचारावे. असा प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे.

ते वयस्कर सभासद यंदाही खोडवा राखून आहेत. त्यांना आम्ही पुन्हा भेटलो तेव्हा ते म्हणाले, "माहे गेले ते गेले साहेब, पन दुसऱ्याचे जाऊ देऊ नका." त्यांच्याच परवानगीने ही हकीकत येथे दिली आहे. हा लेख घरातील तरुणांनी वडीलधाऱ्यांना एकदा मोठ्याने वाचून दाखवावा, एवढीच आमची नम्र विनंती.