तीन दिवसांसाठी शरीराचं घड्याळ हलवू नका

विमानातून उतरल्या उतरल्या घड्याळ तिथल्या वेळेला लावायचं, डोळ्यांवर कितीही झोप आली तरी रात्र होईपर्यंत जागं राहायचं आणि तिथल्या लोकांबरोबरच जेवायचं-झोपायचं, हा परदेशी निघालेल्या माणसाला मिळणारा पहिला सल्ला. देणारा तो आपुलकीनं देतो. दोन-तीन महिने लेकीकडे राहायला निघालेल्या आईवडिलांना तो उपयोगीही पडतो. पण दोन-तीन दिवसांच्या कामासाठी मुंबईहून न्यूयॉर्कला जाऊन लगेच परतणाऱ्याला हाच सल्ला भोवतो. बरीच वर्षं माझाही समज असाच होता. थोड्या मुक्कामाच्या लांब प्रवासांनी तो मोडीत काढला. आता माझं मत पक्कं झालं आहे. मुक्काम तीन दिवसांचा किंवा त्याहून कमी असेल, तर शरीराला तिथल्या वेळेवर आणण्याच्या खटाटोपात पडू नये. त्याला शक्य तितकं घरच्या वेळेवरच राहू द्यावं आणि आपली कामं त्याच्या सोयीनं लावावीत. हे ऐकायला उफराटं वाटतं, म्हणून त्यामागची कारणं नीट मांडायला हवीत.

सजीवांच्या आत स्वतःचं घड्याळ असतं याचा पहिला ठोस पुरावा १७२९ सालचा आहे. द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं लाजाळूसारखं एक झाड दिवसरात्र अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं दिवसाच्या वेळेला उघडत आणि रात्रीच्या वेळेला मिटत राहिली. हे घड्याळ पेशीच्या पातळीवर कसं चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ सालचं नोबेल मिळालं. माणसाच्या मेंदूत डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्या जागेच्या जरा वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. झोप, जाग, शरीराचं तापमान, भूक, संप्रेरकं या सगळ्यांना वेळ सांगणारं मुख्य घड्याळ ते. त्याचा एक फेरा चोवीस तासांहून किंचित मोठा असतो आणि डोळ्यांत शिरणारा उजेड ते रोज जुळवून देतो. फेरा मुळातच जरा लांब असल्यामुळे हे घड्याळ मागे नेणं सोपं जातं, पुढे आणणं जड जातं. ढोबळ मानानं पश्चिमेकडे जाताना ते दिवसाला दीड तास सरकतं आणि पूर्वेकडे जाताना जेमतेम एक तास. जेट लॅगचं सगळं गणित या दोन आकड्यांत आहे.

आगबोटीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. मुंबईहून विलायतेला पोचायला दोन-तीन आठवडे लागत आणि बोटीवरची घड्याळं वाटेत थोडी थोडी मागे घेतली जात. शरीर त्यांच्याबरोबर सहज सरकत असे. विमान मात्र पंधरा-सोळा तासांत आपल्याला न्यूयॉर्कला उतरवतं, आणि तिथली वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तर हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. हा त्रास केवळ प्रवासाच्या शिणाचा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी लंडन ते जोहान्सबर्ग हा प्रवास पाहावा. विमानात अकरा तास जातात, पण दोन्ही गावांच्या वेळेत फरक एक-दोन तासांचाच. म्हणून माणूस थकतो आणि एका चांगल्या झोपेनंतर ताजातवाना होतो. जेट लॅग एका झोपेनं जात नाही. रात्री तीनला टक्क जाग, दुपारी डोळे मिटायला लागणं, भलत्या वेळी भूक, पोटाची तक्रार, साध्या हिशेबात चूक, हे घड्याळ जुळेपर्यंत चालू राहतं. न्यूयॉर्कसाठी दीड तासाच्या वेगानं साडेनऊ तास सरकायला सहा दिवसांहून जास्त लागतात. तीन दिवसांच्या मुक्कामात फार तर साडेचार तास साधतील. म्हणजे परतीच्या विमानात बसताना शरीर धड मुंबईत नसतं, धड न्यूयॉर्कमध्ये नसतं. आणि येताना दिशा पूर्वेची, म्हणजे जड बाजूची. तीन दिवसांत कमावलेले साडेचार तास घरी आल्यावर चार-पाच दिवस फेडत बसावं लागतं.

ही नुसती आकडेमोड नाही. झोपेच्या वैद्यकशास्त्रात काम करणाऱ्या अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेनं, अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननं, २००७ साली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. परक्या ठिकाणचा मुक्काम दोन दिवसांचा किंवा त्याहून कमी असेल तर घरच्या झोपेच्या वेळा पाळल्यानं झोपाळूपणा आणि त्रास कमी होऊ शकतो, असं त्यात म्हटलं आहे. तिसऱ्या दिवसापर्यंत हाच नियम ताणावा हे माझं मत, आणि ते वरच्या हिशेबावर उभं आहे. पण घरची पूर्ण रात्र परक्या गावात झोपून काढणं कोणाला जमणार? इथे दुसरं संशोधन मदतीला येतं. मायनर्स आणि वॉटरहाउस या ब्रिटिश संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं, की रोज ठरावीक वेळी चार तासांची झोप मिळाली आणि उरलेली झोप अवेळी झाली, तरी शरीराची लय ढळत नाही. त्यांनी या चार तासांना नांगराची उपमा दिली. नांगर पडला की जहाज लाटांवर हलतं, पण वाहून जात नाही. म्हणजे घरच्या रात्रीतले चार तास सांभाळले तरी बरंच साधतं.

आता न्यूयॉर्कचं वेळापत्रक उन्हाळ्यातल्या वेळेनं मांडून पाहू. आपली रात्री अकरा ते सकाळी साडेसहा ही झोप तिथे दुपारी दीड ते रात्री नऊ होते. तिथले सकाळचे आठ ते बारा म्हणजे आपली संध्याकाळ साडेपाच ते रात्री साडेनऊ; या तासांत शरीर चांगलं जागं आणि डोकं तरतरीत असतं. महत्त्वाची बैठक, सादरीकरण, मुलाखत, सौद्याची बोलणी हे सगळं याच चार तासांत बसवावं. दुपारी तीननंतरची बैठक ही शरीराच्या दृष्टीनं मध्यरात्र उलटल्यावरची बैठक असते. आणि संध्याकाळी सातचं जेवणाचं आमंत्रण आपल्या पहाटे साडेचारला, ऐन साखरझोपेत येतं. म्हणून दुपारी दोनच्या सुमारास खोलीवर परतावं, जाड पडदे ओढावेत आणि सहापर्यंत नांगराची झोप घ्यावी. या वेळी उन्हात फिरू नये, कारण शरीराची पहाट होण्याआधीचा उजेड घड्याळ मागे ढकलतो आणि तेच तर आपल्याला टाळायचं आहे. उठल्यावर हलकं खाणं, थोडं चालणं, उरलेलं वाचन. मग पहाटे तीन ते सहा पुन्हा झोप. ती सहज लागते, कारण तिथले साडेतीन म्हणजे आपल्या दुपारचा एक, वामकुक्षीची वेळ. कॉफी फक्त सकाळची पहिली. शरीरातलं निम्मं कॅफिन कमी व्हायलाच सुमारे पाच तास लागतात, त्यामुळे अकराची कॉफी दुपारची झोप घालवते. जातानाही मुंबईहून रात्री उशिरा निघणाऱ्या विमानात जेवणाची वाट न पाहता लगेच झोपावं. घरी असतो तर ती झोपेचीच वेळ असते.

अंतर कमी असेल तिथे तडजोड सोपी. लंडन उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहे. तिथे रात्री साडेआठला झोपून पहाटे चारला उठलं, तर शरीराला मुंबईत रात्री एकला झोपून सकाळी साडेआठला उठल्यासारखं वाटेल, आणि तेवढं कोणीही सोसतं. अडचण एकच. जूनमध्ये लंडनला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, तेव्हा संध्याकाळी बाहेर असाल तर गडद चष्मा आणि झोपताना डोळ्यांवर पट्टी हवी. टोकियो साडेतीन तास पुढे आहे. तिथल्या कचेरीतले सकाळचे नऊ म्हणजे आपली पहाट साडेपाच, म्हणून महत्त्वाचं काम अकरानंतर मागावं. निघण्याआधी दोन-तीन दिवस घरीच रोज अर्धा तास लवकर झोपायला आणि उठायला लागलं, तर तेवढंही पुरतं.

हाच नियम उलट दिशेनं लावला की तो आपल्या घरात येतो. अमेरिकेतली मुलगी किंवा मुलगा वडिलांच्या आजारपणासाठी चार दिवसांची रजा काढून पुण्याला, सांगलीला धावत येतो. आपण त्या चार दिवसांत सगळं उरकून घ्यायला पाहतो, आणि बँक, दस्त नोंदणी, डॉक्टरांशी बोलणं सगळं सकाळी दहा ते दुपारी तीनमध्येच येतं. न्यूयॉर्क, न्यू जर्सीच्या शरीराला उन्हाळ्यात ती वेळ मध्यरात्री साडेबारा ते पहाटे साडेपाच असते. आपण जिच्याकडून शस्त्रक्रियेचा निर्णय मागतो, घराच्या कागदांवर जिची सही घेतो, ती व्यक्ती खुर्चीत बसलेली असली तरी तिचा मेंदू गाढ रात्रीत असतो. अशा वेळी डॉक्टरांकडे संध्याकाळी पाच ते आठमधली वेळ मागावी. ती तिची सकाळ असते. कागद आदल्या संध्याकाळी वाचून घ्यावेत आणि दिवसा फक्त सही करावी. दुपारी घरात सामसूम ठेवून तिला तीन-चार तास झोपू द्यावं. भेटायला येणाऱ्यांनी राग मानू नये.

यावर आक्षेप येतात आणि ते खोटे नाहीत. पहिला असा, की मला कुठेही झोप लागते, मला काही होत नाही. स्वतःच्या दमणुकीचा अंदाज माणसाला फार वाईट येतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या प्रयोगात दोन आठवडे रोज सहा तासच झोपलेल्या लोकांची एकाग्रता सलग जागरण केलेल्यांइतकी घसरली होती, पण आपल्याला झोप जरा कमी पडली आहे एवढंच ते सांगत होते. दुसरा आक्षेप, कामाच्या वेळा आपल्या हातात नसतात. पूर्णपणे नसतात हे खरं, पण सकाळी नऊची वेळ मागितल्यावर नाही म्हणणारे थोडे असतात. आपण मागतच नाही. दुपारची बैठक टळतच नसेल तर आधी वीस मिनिटं डोळे मिटावेत आणि अंतिम शब्द दुसऱ्या सकाळी द्यावा. तिसरा, एवढा खर्च करून गेल्यावर दुपारी झोपायचं? तर आपण तिथे कशासाठी गेलो हे आठवावं. सकाळचे चार तास चोख गेले तर खर्च वसूल झाला. तिथल्या सकाळच्या वेळी इथे संध्याकाळ असते, तेव्हा पडद्यावरच्या बैठकीनं भागेल का हेही तिकीट काढण्याआधी विचारावं. चौथा, मेलाटोनिनची गोळी आहे ना? पाच किंवा अधिक तासांच्या फरकासाठी ती उपयोगी असल्याचा पुरावा आहे, विशेषतः पूर्वेकडे जाताना. पण तिचं काम घड्याळ सरकवण्याचं, आणि थोड्या मुक्कामात आपल्याला ते सरकवायचंच नाही. अपस्मार असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. मद्यानं झोप लवकर लागते खरी, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पश्चिमेकडे दिवस लांबतो आणि पूर्वेकडे आखडतो हे ध्यानात घेऊन मात्रांच्या वेळा आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.

मुक्काम चार-पाच दिवसांच्या पुढे जाणार असेल तर मात्र पहिला, रूढ सल्लाच बरोबर: तिथल्या वेळेवर या, उजेड घ्या, रात्री झोपा. त्याहून थोड्या मुक्कामासाठी निघण्याआधी एका कागदावर दोन रकाने आखा, एकात तिथली वेळ आणि शेजारी घरची. प्रत्येक बैठक दोन्हींत लिहा. घरच्या रकान्यात रात्री बारा ते पहाटे पाचमध्ये जे पडेल ते हलवा. हलत नसेल तर त्या वेळी निर्णय घेऊ नका.

आणि एक शेवटचं, सगळ्यात निकडीचं. परतीची बरीच विमानं मुंबईला रात्री किंवा पहाटे उतरतात आणि पुण्या-नाशिककडची माणसं तिथूनच गाडीला चावी लावतात. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं, की सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्या कायद्यानं गाडी चालवणाऱ्यासाठी ही मर्यादा ०.०३ टक्के आहे. लांबच्या विमानप्रवासात सतरा तासांचं जागरण सहज होतं. तेव्हा विमानतळाजवळ झोप काढून निघा, नाही तर गाडी दुसऱ्याला चालवू द्या.