ओपीजी, सीबीसीटी : किती मोजाल, काय मागून घ्याल

दातांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली की तिथेच दोन गोष्टी विचारा : नेमकं काय बघायचंय आणि जबड्याचा केवढा भाग? पैशांचा फरक इथेच पडतो.

एक-दोन दातांचा छोटा एक्स-रे दवाखान्यातच निघतो, साधारण १५० ते ३०० रुपयांत. रूट कॅनालच्या पॅकेजमध्ये तो धरलाय का, ते आधी विचारा. दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा ओपीजी खासगी सेंटरवर ४०० ते ८००. दातांना तारा लावायच्या असतील तर बाजूने काढलेला ‘सेफ’ही लागतो, दोन्ही एकदम काढताना सवलत मागा. सीबीसीटी, म्हणजे थ्रीडी स्कॅन, महाग : थोड्या भागाचा हजार-दीड हजार, दोन्ही जबड्यांचा तीन हजारांच्या आसपास किंवा वर. एकच इम्प्लांट बसवायचंय, तर दोन्ही जबडे कशाला? साध्या किडीसाठी तर सीबीसीटी लागतच नाही.

फोनवर ‘रिपोर्टसकट किती?’ असंच विचारा. रिपोर्ट आणि सीडीचे पैसे काही ठिकाणी काउंटरवर गेल्यावर वाढतात. सीबीसीटीचा रिपोर्ट ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजीत एमडीएस केलेल्या डॉक्टरांच्या सहीचा हवा. स्कॅनची मूळ डायकॉम फाइलही घ्या. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवरून हाडाची जाडी मोजता येत नाही, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर पुन्हा स्कॅनचा भुर्दंड.

जाताना चिठ्ठी आणि जुने एक्स-रे न्या. कानातलं, चमकी, मंगळसूत्र, केसांच्या पिना, कवळी, श्रवणयंत्र, सगळं काढावं लागतं. चमकीची फिरकी घट्ट बसली असेल तर घरीच सैल करून जा. कानातलं राहिलं तर ओपीजीत त्याची धूसर सावली विरुद्ध बाजूला, थोडी वर उमटते आणि नेमकी दाढ झाकते. मशीनमध्ये पंधरा-वीस सेकंद हलायचं नाही, जीभ टाळूला टेकवायची. सेंटरच्या चुकीने पुन्हा काढावा लागला तर वेगळे पैसे देऊ नका. गर्भवती असाल तर आधी सांगा.

स्वस्तात हवं? मुंबईत नायर दंत महाविद्यालय किंवा सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय आहेत. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. रांगेत अर्धा दिवस जाईल. थ्रीडीची सोय आणि मशीन चालू असल्याची खात्री आधी करा.

डॉक्टर एकाच सेंटरचा आग्रह धरत असतील तर कारण विचारा. चिठ्ठी कुठेही चालते. पक्कं बिल घ्या. अशा तपासणीवर जीएसटी लागत नाही, बिलात दिसला तर काढायला लावा.