खणातलं जीपीएस यंत्र पुन्हा गाडीत लावताना

अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला. त्यावरून पहिल्यांदा गेलो तेव्हा काचेवरच्या जीपीएसच्या पडद्यावर आमची गाडी निळ्याशार पाण्यातून चालली होती. यंत्र बिघडलं नव्हतं, जागा अगदी बरोबर दाखवत होतं. त्याच्या पोटातला नकाशा मात्र 2014 चा होता.

म्हणून जुनं यंत्र वापरात काढायचं असेल किंवा कोणाकडून विकत घ्यायचं असेल, तर भाव करण्याआधी नकाशाची चौकशी करा. त्या मॉडेलला भारताचा नवा नकाशा आजही मिळतो का, आणि केवढ्याला? खोक्यावर ‘लाइफटाइम अपडेट’ छापलेलं असलं तरी कंपनी ते मॉडेल सांभाळते तोवरच त्याला अर्थ असतो. नकाशा मिळत नसेल तर यंत्र फुकट मिळालं तरी त्यावर एक रुपयाही घालू नका. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. जुना नकाशा तुम्हाला नागपूरला जुन्याच रस्त्याने नेणार.

नकाशा मिळत असेल तर बाकीचा खर्च आवाक्यातला आहे. मला बॅटरी बदलून घ्यायला 900 रुपये लागले. पडद्याची कड उचलल्यासारखी दिसली तर बॅटरी फुगलेली असते. अशा वेळी यंत्र चार्जिंगला लावायचंच नाही. नवा नकाशा पुष्कळदा जुन्या यंत्राच्या मेमरीत मावत नाही, त्यामुळे मायक्रोएसडी कार्ड घ्यावं लागतं. किती जीबीचं चालतं ते माहितीपुस्तिकेत आधी बघा.

चार्जरवर पैसे वाचवायला गेलो आणि फसलो. साधी यूएसबी केबल लावली की माझ्या यंत्राच्या पडद्यावर संगणकाचं चित्र यायचं आणि नकाशा गायब व्हायचा. केबल दिसताच आपल्याला संगणकाला जोडलंय, असं ते समजायचं. त्याच्यासोबतचा मूळ कार चार्जर लावला तेव्हा ते सुरळीत चाललं. सेकंडहँड घेताना तो चार्जर मागूनच घ्या.

दर महिन्याचा खर्च शून्य. उपग्रहांचा सिग्नल फुकट असतो आणि साध्या यंत्राला सिमही लागत नाही. कोणी वर्षाचं रिचार्ज सांगू लागला तर तो बहुधा ट्रॅकरबद्दल बोलतोय. ती वस्तू वेगळी.

बरीच वर्षं पडून राहिलेलं यंत्र सुरू करताना गाडी मोकळ्या आभाळाखाली थांबवा आणि घाई करू नका. उपग्रहांची पूर्ण माहिती यायला साडेबारा मिनिटं लागतात. तारीख जवळपास वीस वर्षं मागची दिसली तर सॉफ्टवेअर अपडेट हवं, कारण जीपीएसची आठवड्यांची मोजणी एप्रिल 2019 मध्ये पुन्हा शून्यावर आली.

एवढा खटाटोप कोणी करावा? शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने मुळीच करू नये, त्याला फोन पुरतो. पण सारखं घाटातून कोकणात उतरावं लागत असेल, तर नेटवर्क गेल्यावरही वाट दाखवणारं आणि फोनची बॅटरी न खाणारं हे यंत्र मला आजही मोलाचं वाटतं. फोनवर नकाशा आधी उतरवून ठेवूनही काम भागतं, हेही खरं.

गाडी लावून जाताना यंत्र तर काढाच, शिवाय काचेवर उमटलेला स्टँडचा गोल डागही पुसून टाका. तो दिसला की आत काहीतरी आहे हे चोराला कळतं. आणि ‘होम’ म्हणून घराचा पत्ता न घालता जवळच्या पेट्रोल पंपाचा घाला.